उघड्या दाराच्या घरात मांजर

बंगळुरात, चामराजपेटेतल्या त्या घराचं दार बंद ठेवता येत नव्हतं. दार धड होतं, कडीही धड होती. पण ते वठारातलं घर होतं. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीने बांधलेल्या खोल्या. माझ्या वाट्याला त्यातली एक खोली आणि मागे चिंचोळं स्वयंपाकघर. न्हाणीघर आणि संडास अंगणापलीकडे, नळ अंगणाच्या मधोमध, आणि नळाला पाणी एक दिवसाआड, भल्या पहाटे. पाणी आलं की सगळी दारं सताड उघडायची आणि बादल्या, कळश्या, पिंपं यांची धावपळ सुरू व्हायची. दोन्ही हातांत भरल्या बादल्या असलेल्या माणसाला दार लावता येत नाही. आणि माझ्या घरात एक मांजरी होती, जिने उभ्या आयुष्यात घराबाहेर पाय ठेवलेला नव्हता.

त्याआधी आम्ही दोघी बसवनगुडीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरमालक निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड. रविवारी माझ्याकडे आनेकलच्या बाजूच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या बायका यायच्या. चहा व्हायचा. कामाच्या पाळीच्या वेळा, इस्त्रीच्या टेबलाजवळचा उकाडा, लघवीला जायलाही घ्यावी लागणारी परवानगी, असल्या गोष्टींवर बोलणं व्हायचं आणि त्यातून पत्रक तयार व्हायचं. एके दिवशी मालकांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाले, "मांजर ठेवा हो, मांजराला माझी ना नाही. ह्या बायका नकोत."

मी त्यांना तिथेच, जिन्यात, जे सुनावलं ते आजही सुनावेन. ज्या घरात मांजर चालतं आणि कामगार बाई चालत नाही ते घर मला नको, असं म्हणाले आणि महिनाअखेरीस सामान बांधलं. ह्या सगळ्यात जिचं मत मी घेतलं नव्हतं, ती टोपलीत बसून रिक्षाभर ओरडत होती.

मी वाढले महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या एका गावात. आई विडी वळणाऱ्या बायकांची संघटना चालवायची, वडील छापखान्यात होते. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो' ह्या शब्दावर. जेवणं झाली की सतरंजी पसरायची, मधे कागदांचा ढीग, आणि सगळ्यांनी घड्या घालायच्या. नखाने घडी घालायची नाही, चमच्याच्या दांड्याने घालायची, हा आईचा नियम. स्टीलचा दांडा कागदावरून ओढला की बारीक, कोरडा, सर्र असा आवाज येतो. मी अजूनही तशाच घड्या घालते. फक्त पत्रकं आता कानडी असतात, आणि चमच्याच्या मागे मांजर असतं.

ती मुळी पत्रकांच्या खोक्यातूनच आली होती. कारखान्याच्या फाटकाशी पत्रकं वाटून संपली, तेव्हा एका बाईने रिकाम्या खोक्यात एक काळंपांढरं पिल्लू ठेवलं आणि म्हणाली, "आता हे घेऊन जा." मी त्या पिल्लाला नाव ठेवलं नाही. नाव ठेवणारी मी कोण, असं तेव्हा वाटलं होतं. 'बाई' म्हणून हाक मारायची, तेवढंच. घड्यांचं काम बाईला अजिबात सहन व्हायचं नाही. दांडा सर्रकन ओढला की ती असेल तिथून यायची, चमच्यावर पंजा मारायची, आणि चमचा मिळाला नाही की गठ्ठ्यावर बसून राहायची. आनेकलच्या कितीतरी घरांत माझी पत्रकं तिच्या केसांसकट गेली आहेत.

मी भित्री नाही. फाटकाशी सुपरवायझर अंगावर धावून आला, तेव्हा मी जागची हलले नव्हते. पोलीस चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं, तेव्हा चौकीतल्या हवालदाराला मी कामाच्या तासांचा कायदा समजावून सांगत होते. पण वठारातल्या पहिल्या पाण्याच्या पहाटे माझ्या तोंडाला कोरड पडली. बाईला स्वयंपाकघरात कोंडून दाराला मिक्सर टेकवला होता. बादल्या घेऊन परत आले तर मिक्सर सरकलेला, आणि ती बाहेरच्या उंबऱ्यावर. पुढचे दोन पाय बाहेर, मागचे आत. पोट जमिनीला टेकलेलं, कान मागे. मी बादल्या सोडून दिल्या. त्या पाण्याच्या आवाजाने ती आत पळाली म्हणून वाचली. अंगणभर पाणी झालं आणि शेजारची अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अय्यो, एक दिवसाआड येतंय पाणी, आणि ही बघा, अंगण धुतीय!"

अक्काचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बंगळुरातलं. तिची मराठी निम्मी कानडी होती आणि जिभेला धार होती. मांजरं तिला आवडत नसत. तिचे सांडगे अंगणात वाळत असायचे, आणि मांजर म्हणजे सांडग्यांचा शत्रू, असा तिचा ठाम हिशोब होता.

त्या सकाळी मला कळून चुकलं की ही आज ना उद्या बाहेर जाणार. मी नसताना, कशाला तरी दचकून, कुठे जातोय हे न कळता जाणार. गल्लीत कुत्री होती. अंगणाच्या फाटकाबाहेर रिक्षावाल्या अण्णांची रिक्षा उभी असायची आणि तिच्याखाली फाटक्या कानाचा एक तांबडा कुत्रा झोपायचा. दुचाक्या उलट्या बाजूने यायच्या. जवळ मटणाची दुकानं, त्यामुळे वर कायम घारी. ती अशीच बाहेर पडली तर तिला परतीची वाट ठाऊक नसणार. माझ्याबरोबर जाऊन अंगण, भिंती, आपलं दार ओळखीचं झालं तर निदान परत येईल. एवढाच उपाय होता, आणि त्या उपायाचीच मला भीती वाटत होती.

मांजरांसाठी पट्टा मिळतो. छातीभोवती आणि पोटाभोवती बसणारा, पाठीवर दोरीसाठी कडी. तो मी विकत आणला आणि खुंटीला लावून ठेवला. हात धजेना. दोरी म्हणजे दोरी. जन्मभर जिच्याविरुद्ध लिहिलं, तिचंच टोक आपल्या हातात घ्यायचं?

आईला फोन केला. मी पाच मिनिटं बोलले असेन: स्वातंत्र्य, संमती, मालकी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं भाषण?"

"झालं."

"मोर्च्याला कडेनं दोरी धरतोया का न्हाई आपण?"

"धरतो."

"ती काय बायकांना बांधायला धरतोया व्हय, खुळे? मोटारीखाली कुणी जाऊ नये म्हणून धरतोया. दोरी धरणारा मोर्च्याबरोबर चालतोय. ओढत न्हाई. तसं धर."

लहानपणी मोर्च्याच्या कडेची ती दोरी मीही धरली होती. जाड, खरखरीत, तळव्याला घाम आला की ओली होणारी. दोरी धरणाऱ्याने घोषणा द्यायच्या नाहीत, नजर रस्त्यावर ठेवायची, असा नियम होता. मला ते काम कधीच आवडलं नव्हतं. मला पुढे, घोषणा द्यायला जायचं असायचं.

पट्टा घातल्यावर बाई पहिल्यांदा आडवी पडली. मेल्यासारखी. उचललं तर ओल्या टॉवेलसारखी लोंबली. मी घाबरून पट्टा काढला. दुसऱ्या दिवशी पट्टा घालून पुढे सुका बांगडा ठेवला, तेव्हा ती जमिनीला पोट घासत सरपटली आणि बांगड्यापर्यंत पोहोचली. काही दिवसांनी पट्टा घालून खोलीत फिरू लागली, पण मागचे पाय असे टाकायची, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मग आम्ही उंबऱ्यावर बसू लागलो. ती माझ्या मांडीला चिकटून, मी दोरी मनगटाभोवती गुंडाळून. दुपारी, अंगण रिकामं असताना, नुसतं बसायचं. कुकरची शिट्टी झाली की तिची नखं माझ्या मांडीत घुसायची. माझ्या सलवारीला बारीक भोकं पडली, आणि मला त्या भोकांचा अभिमान वाटायचा: ती आत पळाली नाही, मला धरून बसली.

ती पहिल्यांदा अंगणात उतरली, तेव्हा फरशीच्या एका चौकोनावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी थांबली, वास घेतला, पाऊल टाकलं, झटकलं. मी वाकून तिच्यावर सावली धरून उभी होते, घारींमुळे. ती तुळशीच्या कुंडीपर्यंत गेली, कुंडीच्या आडोशाला बसली आणि तिथून सगळ्या जगाकडे एका डोळ्याने बघत राहिली.

घारींचं भय अक्काने वाढवून ठेवलं होतं. "माझ्या माहेरी कोंबडीची पिल्लं उचलायच्या," म्हणाली, "आणि ही तर जाडी आहे, दिसायला बरी दिसेल वरून." दुसऱ्या दिवसापासून मी छत्री घेऊन बाहेर पडू लागले. लख्ख उन्हात, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात उघडी काळी छत्री, खाली मांजर. अण्णा रिक्षा पुसता पुसता उभे राहिले आणि कानडीत ओरडले, "बाजूला व्हा रे, महाराणींची स्वारी आली!" अक्का सांडगे उलटत म्हणाली, "मांजराला नायीसारखं, कुत्र्यासारखं दोरी लावून फिरवतीस. उद्या नायीला दूध पाजून झाडावर चढवशील. आणि सांडग्यांकडे आणू नकोस हं. पाऊल पडलं की दोघींना उन्हात वाळत घालीन."

"सांडग्यांना कुंपण घाल ना, अक्का."

"कुंपण घालायला हे काय तुझं राज्य आहे?"

असं चाललेलं असायचं. हसू यायचं. तरी रोज दार उघडण्याआधी मी फटीतून फाटक पाहायची, रिक्षाखालचा तांबडा कुत्रा पाहायची, आकाश पाहायची. संघटनेच्या ऑफिसात बसून पत्रकांचा मजकूर तपासतानाही कानात दाराची कडी वाजायची. आणि रोज पट्ट्याचं बक्कल लावताना तेच व्हायचं: पट्टा घट्ट बसायला हवा, हे मला ठाऊक होतं. मांजर उलट्या पावली मागे ओढलं की सैल पट्ट्यातून सुटतं, हेही ठाऊक होतं. पण घट्ट बसणाऱ्या भोकात बक्कल अडकवलं की ती माझ्याकडे बघायची आणि मला ते बघवायचं नाही. मी एक भोक सैल ठेवायची. तेवढी मोकळीक तिला असू दे, असं वाटायचं.

रविवारी दुपार उतरल्यावर ती पहिल्यांदा फाटकापर्यंत गेली. सोमवारी सकाळच्या पाळीला आनेकलला वाटायची पत्रकं खोलीत पडून होती, घड्या घालायच्या बाकी होत्या. म्हटलं, आधी हिला फिरवू, मग बसू. अण्णा रिक्षा घेऊन गेलेले, कुत्रा नव्हता, आकाश मोकळं. ती फाटकाच्या गजाला नाक लावून उभी राहिली. शेपूट वर. पहिल्यांदाच शेपूट वर. मला इतका आनंद झाला की मी छत्री मिटली.

विसर्जनाचे दिवस होते. बंगळुरात गणपती एका दिवसात जात नाहीत, आठवडेच्या आठवडे जात राहतात. लांबच्या रस्त्यावर तमटे, म्हणजे इकडच्या हलग्या, वाजत होते, ते माझ्या कानावर होते, पण मिरवणूक मोठ्या रस्त्याने जाईल असं मी धरून चालले. ती आमच्या गल्लीत वळली. वळणावरून एकदम दहाबारा तमटे, फटाक्याची माळ, गुलाल, नाचणारी गर्दी. आवाज भिंतींवर आपटून अंगणात शिरला.

बाईने उडी मारली नाही. ती मागे सरली. मान खाली, खांदे आकसून, उलट्या पावली, सगळं अंग मागे खेचून. मी दोरी ओढली, आणि ओढल्यामुळेच ते झालं. पट्टा तिच्या खांद्यांवरून, कानांवरून निघाला. दोरी एकदम हलकी झाली. माझ्या हातात पट्टा होता, दोन्ही फासे अजून गोल, मधे काहीच नाही.

ती कुठल्या दिशेने गेली, हे मी पाहिलं नाही. मी पट्ट्याकडे बघत होते. डोकं वर केलं तेव्हा अंगण रिकामं होतं.

मिरवणूक पुढे सरकेपर्यंत मी काय केलं, आठवत नाही. नंतर मात्र मी मला येतं ते केलं. माणसं गोळा केली. दार वाजवून वाजवून अख्खं वठार बाहेर काढलं. तुम्ही गच्चीवर, तुम्ही मागच्या गटाराकडे, तुम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशी. अण्णा तेवढ्यात परतले, त्यांना रिक्षासकट मोठ्या रस्त्याकडे पाठवलं. जाता जाता ते म्हणाले, "मॅडम, मांजर शोधायचंय का मंत्र्याला घेराव घालायचाय?" मी हसले नाही. मधे उभी राहून मी सूचना देत होते, आणि माझा आवाज, जो मैदानात माईकशिवाय पोहोचतो, तो अंगणात घुमत होता: "बाई! बाई ये!" मागोमाग सगळे ओरडू लागले. कुणी कानडीत 'बेक्कु बेक्कु' म्हणालं, कुणी ताटली वाजवली, कुणी पत्र्यावर काठी आपटली. न्हाणीघरातसुद्धा दोघी जाऊन बॅटरी फिरवून, हाका मारून आल्या. गल्लीतले अनोळखी लोकही आले. अंधार पडू लागला तसा आवाज वाढत गेला, कारण माझी भीती वाढत गेली, आणि भीती वाढली की मी आणखी मोठ्याने बोलते.

अक्का दारात बसून बघत होती. शेवटी उठली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "सुम्नीर गं. गप्प बस. स्वल्प गप्प बस."

"अक्का, ती मरेल बाहेर. तुला काही वाटत नाही का?"

"मला डोकं दुखतंय असं वाटतंय. एवढ्या आवाजाला मी माणूस असून बाहेर आले नसते. ते तमटे काय वेगळं करत होते?"

मी तिच्यावर चिडले. खूप चिडले. सगळे मदतीला आलेत आणि ही एकटी दारात बसून शिकवते, असं काहीतरी बोललेही. ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली आणि आत गेली. पण शब्द डोक्यात राहिला. तमटे काय वेगळं करत होते. मी लोकांना हात जोडले, घरी पाठवलं. एकेक जण 'सापडेल हो' म्हणत गेला. अंगण शांत झालं, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा खरं भय वाटलं. गर्दी असेपर्यंत काहीतरी चाललंय असं वाटत होतं. आता फक्त लांबून कुत्री भुंकत होती आणि प्रत्येक भुंकण्याला मी मनात तिला मरताना पाहत होते.

ते दार मी रात्रभर उघडं ठेवलं. इतके दिवस ते उघडायला घाबरत होते, त्या रात्री लावायला घाबरले.

पहाटे पाण्याचा दिवस होता. अजून उजाडायचं होतं. डोळा लागला नव्हता, आणि आनेकलची पत्रकं तशीच पडलेली. पहिल्या बसने निघायचं होतं. कारखान्याच्या फाटकाशी बायका वाट पाहणार होत्या, आणि माझं मांजर हरवलं म्हणून पाळी थांबणार नव्हती. दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. मी ढीग ओढून उंबऱ्याशी घेतला, दिवा लावला, चमचा घेतला आणि घड्या घालू लागले. कागद दुमडायचा, दांडा ओढायचा. सर्र. बाजूला ठेवायचा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि शाई पसरू नये म्हणून मी मान लांब ठेवून काम करत होते.

किती घड्या झाल्या, माहीत नाही. पलीकडचं दार उघडलं आणि अक्का बादल्या घेऊन बाहेर आली. तिच्या मागे इतर बायका. मी वर पाहिलं, तर अक्का नळापाशी थांबली होती. नळ सोडत नव्हती. एका हाताने तिने बादलीची कडी धरून ठेवली होती, वाजू नये म्हणून. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. मागच्या बायका जागच्या जागी उभ्या, कळश्या कमरेवर, कुणी हलत नव्हतं. एकीने तोंड उघडलं तर अक्काने नुसते डोळे मोठे केले. पाणी यायची वेळ झाली होती. थोडाच वेळ येतं ते. आणि रांग गप्प उभी.

अक्का माझ्याकडे बघत नव्हती. ती न्हाणीघराच्या दाराकडे बघत होती.

मी हात थांबवला. अक्काने हवेतच हात हलवला, चमचा ओढल्यासारखा. चालू ठेव.

मी कागद दुमडला. दांडा ओढला. सर्र. न्हाणीघराच्या कोपऱ्यात जुना तांब्याचा हंडा आहे, पूर्वी त्याखाली लाकडं जाळून पाणी तापवत. गिझर आल्यापासून त्याखालची चूल तशीच, राखेने भरलेली. त्या राखेतून एक राखाडी डोकं बाहेर आलं. काळं नाही, पांढरं नाही, नुसतं राखाडी, दोन पिवळे डोळे. अंगणाच्या बाहेर ती गेलीच नव्हती. आम्ही गल्ल्या, गटारं, गच्च्या पालथ्या घातल्या आणि ती तिथे, चार पावलांवर, आमचा सगळ्यांचा आवाज ऐकत राखेत रुतून बसली होती.

आणखी एक कागद. सर्र. ती न्हाणीघराच्या दारात आली. बायकांचे पाय पाहिले आणि थांबली. मला वाटलं, गेली. घडी वाकडी पडली. आणखी एक. ती भिंतीच्या कडेने, पोट जमिनीला लावून निघाली. अर्ध्या वाटेवर पलीकडच्या गल्लीत एक दुचाकी सुरू झाली. ती तुळशीच्या कुंडीमागे शिरली. मी दांडा ओढत राहिले, हाक मारली नाही. जिभेच्या टोकावर 'बाई' होतं. गिळलं.

कुंडीमागून ती एकदम धावत आली, उंबरा ओलांडला, चमच्यावर झडप घातली, चमचा माझ्या हातातून उडवला आणि पत्रकांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. सगळीकडे राख. मी पायाने दार ढकललं.

बाहेर नळ सुटला. एकदम सगळ्यांचे आवाज, बादल्यांचा खणखणाट, आणि त्यात अक्काचा सर्वांत मोठा: "चला गं चला, झाली ह्यांची पूजा. पाणी जाईल आता, त्या चोरटीपायी!"

वरच्या पत्रकांवर राखेची पावलं उमटली होती. पुसली तर अक्षरं फिसकटली असती. तशीच घेऊन गेले. तिला आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, बसमधून उतरून परत यावंसं वाटलं. फाटकाशी एका बाईने कागद उजेडात धरला आणि विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आलं ना घरी? मग झालं." आणि कागद कमरेला खोचून पाळीला गेली.

पुष्कळ दिवस बाई उंबऱ्यापाशी फिरकली नाही. मीही पट्टा खुंटीवरून काढला नाही. पण पाण्याच्या पहाटा थांबत नाहीत आणि दार उघडावंच लागतं. शेवटी आम्ही पुन्हा सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून: मांडी, उंबरा, फरशीचा एक चौकोन. बक्कल आता आतल्या भोकात असतं. ती माझ्याकडे तशीच बघते आणि मी मान फिरवत नाही. माझ्या खिशात चमचा आणि दुमडलेला एक कोरा कागद असतो. फिरणं संपवायचं असलं की उंबऱ्यावर बसून दांडा ओढते, ती वळते. रोज वळतेच असं नाही. कधी कधी कान हलवते आणि कुंडीमागेच बसून राहते, तेव्हा माझ्या तळव्याला घाम येतो आणि दोरी ओली होते. मी ओढत नाही. घोषणाही देत नाही.

परवा पाण्याच्या दिवशी मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन नळावर होते आणि मागे वळून पाहिलं तर आतापर्यंत ती बसली होती तो उंबरा रिकामा. तिच्या अंगावर पट्टा नाही, दोरी नाही, काही नाही. तीच जुनी कोरड तोंडाला. बादल्या ठेवायलाही हात सुटेना.

अक्का पलीकडून आपली कळशी उचलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय तिच्याकडे बघायची हौस नाही. पण तुळशीमागे बसलीय. तू आधी पाणी भर."

मी पाणी भरलं. सांडलं थोडं, पण भरलं. मग उंबऱ्यावर जाऊन बसले आणि खिशात हात घातला.